दूध अपुरे

तुम्ही हेड ऑफिसवाल्यांनी रूपीच्या नावापुढे ‘दूध अपुरे’ असं लिहिलंत. निळ्या शाईत, खाली सही, वर गोल शिक्का. कुणाला विचारून लिहिलंत? रूपीला विचारलं नाही. तिच्या पोरीकडे बघितलं नाही, आणि त्या पोरीच्या तर पाचव्या महिन्यातच मांड्यांना वळ्या पडल्यात. तुम्ही विचारलंत ते एका प्लास्टिकच्या वाटीला. वाटी म्हणाली नाही, तुम्ही लिहिलंत नाही.

हकीकत काय झाली ती तुमच्या कागदावर नाही, म्हणून इथे लिहून ठेवली आहे. नीट वाचा.

डहाणूच्या वेशीवर फुग्यांचा एक कारखाना आहे. रूपी तिथे नऊ वर्षं चेकिंगच्या टेबलावर आहे. आश्रमशाळेतून आठवी करून आपल्या गावी, रानशेतला परत आली, थोडी वर्षं भातलावणीला गेली, मग इथे लागली ती लागलीच. काम सांगायला सोपं. फुगा नळीवर चढवायचा, पायाने पेडल दाबायचं, हवा भरली की कानाजवळ धरायचा. छिद्र बारीक असेल तर डोळ्याला दिसत नाही, कानाला कळतं. केसाएवढा ‘स्स’ येतो. आला तर फुगा फेलच्या क्रेटमध्ये, नाही आला तर पासच्या. पंखे, मोटारी, शेजारच्या तानीची अखंड बडबड, या सगळ्यातून रूपीला तो ‘स्स’ ऐकू येतो. सुपरवायझर नविनभाई नव्या मुलींना पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतात, “रूपी बोलली फेल तर फेल. मला नाय विचारायचं.”

बाळंतपणाची रजा संपवून ती परत आली तेव्हा तिला पाजायच्या दोन सुट्ट्या मिळाल्या. कायद्यातच आहेत त्या, कुणी मेहरबानी केलेली नाही. पण रानशेतला जाऊन यायला वेळ कुठला? म्हणून तिची सासू लाडकी रोज पोरीला पदरात गुंडाळून इको गाडीत बसायची आणि गेटबाहेरच्या उंबराखाली येऊन थांबायची. अकराला रूपी एकदा यायची, तीनला एकदा. मधल्या वेळात म्हातारी आणि प्रगती, पोरीचं नाव प्रगती, तिथेच. ट्रकची धूळ खात. रूपीला रोज अकराला आनंद व्हायचा आणि रोज सव्वाअकराला लाज वाटायची, की आपण दोघींना असं रस्त्यावर बसवलंय.

त्यामुळे हेड ऑफिसच्या मॅडम दूध काढायच्या यंत्राचा पांढरा खोका घेऊन आल्या तेव्हा रूपीच सगळ्यात आधी पुढे झाली. हे लक्षात ठेवा. तिला यंत्र हवं होतं.

“हे कपड्यांच्या आत बसतं,” मॅडमनी कॅन्टीनमध्ये दोन गोल वाट्या टेबलावर मांडल्या. “वायर नाही, बाटली लोंबकळत नाही. हात मोकळे. काम चालू, दूधही चालू.”

“मग सुट्टी?” रूपीने विचारलं.

“सुट्टीची गरजच पडणार नाही ना.”

“बरं हाय,” तानी मागून म्हणाली. “आता मुतायचं पन एक मशीन आणा, म्हंजे उठायलाच नको.”

बायका हसल्या. मॅडमही हसल्या, कारण त्यांना वाटलं की हसायचं असतं.

“दूध ठेवायचं कुठं?” रूपीचा दुसरा प्रश्न.

“लॅबमध्ये फ्रिज आहे ने,” नविनभाई म्हणाले.

त्या फ्रिजमध्ये रबराच्या चिकाच्या बाटल्या असतात. पांढराफेक चीक. कारखान्यातल्या बायका त्याला दूधच म्हणतात. “नविनभाई,” तानी म्हणाली, “एक दिवस तुम्ही आमच्या प्रगतीला फुगा पाजाल आणि रूपीच्या दुधाचे फुगे काढाल.” शेवटी खोक्यातली बर्फाची पुडी ठेवलेली थंड पिशवी वापरायचं ठरलं.

रूपीने वाट्या चढवल्या आणि टेबलावर उभी राहिली. पेडल, फुगा, कान. दर पंधरा मिनिटांनी क्रेट भरतो, तो खाली वाकून उचलायचा आणि मागे ठेवायचा. पहिल्या क्रेटला वाटी सरकली. दुसऱ्याला पोटावर ओलं लागलं. तासाभराने मॅडमनी वाट्या काढायला लावल्या आणि बाटलीत ओतलं. तळाशी अर्धं बोट दूध.

“एवढंच?” मॅडमनी बाटली उजेडात धरली. आवाज अगदी मऊ केला. “होतं असं. काही बायकांना कमीच येतं. डब्याचं दूध सुरू कर आता. लाज वाटून घेऊ नकोस.”

मग त्यांनी फॉर्म काढला. छापील प्रश्न होता: ‘माता यंत्रासाठी योग्य आहे काय?’ पुढे त्यांनी लिहिलं, ‘अयोग्य. दूध अपुरे.’ आणि मूल डब्यावर गेलं की पाजायच्या सुट्ट्या कशाला, म्हणून त्या सोमवारपासून बंद. शनिवार होता तो. यंत्र मात्र रूपीकडेच राहिलं, वापरलेलं परत घेत नाहीत म्हणे.

नऊ वर्षांत रूपीला कुणी फेलच्या क्रेटमध्ये टाकलं नव्हतं.

“कमी?” घरी लाडकीने विचारलं. “कुनाचं कमी? तुझं? रोज दोन पोलकी धुते मी तुझी, आंबूस वास जाईस्तो.” तिने पांढरी वाटी उलटीपालटी करून बघितली. “आनि हे लावून तू उभ्यानं काम करीत होतीस?”

“हां.”

“बाय, गाय पन चालता चालता दूध देत नाय. तिला थांबवावी लागते. वासरू दाखवावं लागतं. तेव्हा कुठं ती सोडते. तुमच्या मॅडमनी कधी गोठा नाय बघितला वाटतं.”

“त्यांच्याकडं दुधाची पिशवी येते.”

“मग पिशवीलाच विचारायचं, तुला कशाला विचारलं?”

रविवारी सकाळी रूपी ओट्यावर बसली. एका बाजूला प्रगती पीत होती, दुसऱ्या बाजूला वाटी लावली. पोर ओढायला लागली तसा पान्हा दोन्हीकडे फुटला. ते तिला कळतं, छातीत बारीक सुया टोचल्यासारखं होतं. पण वाटीत थेंबथेंबच.

“आई, गप्प.”

“मी कुठं बोलले?”

“मग ती कोंबडी हाकला.”

लाडकीने कोंबडी हाकलली. रूपीने मान खाली घातली, कान वाटीजवळ नेला. मोटार घुर्र करायची, ओढ घ्यायची, सोडायची. आणि प्रत्येक ओढीच्या टोकाला एक आवाज. केसाएवढा.

स्स.

रूपी हसली. एकटीच. सासूला वाटलं पोरीने काहीतरी केलं.

“हवा जाते,” ती म्हणाली. “आई, दूध कमी नाय. फेल हाय ही. वाटीचं तोंड मोठं हाय मला, कडेनं हवा जाते.”

तिने खोका उपडा केला. तळाशी पुठ्ठ्याखाली एक पुडी होती, सीलबंद. आत तीन मऊ रबरी कडी, लहान-मोठी, वाटीच्या तोंडात बसवायची. मॅडमनी पुडी फोडलीच नव्हती. रूपीने कडी उकळून घेतली आणि एकेक लावून बघितली, जशी नव्या मापाच्या फुग्यांना नळी लावून बघते तशी. सगळ्यात लहान कडं चिमटत होतं. फेल. मोठ्यातून स्स. फेल. मधलं बसवलं, कान लावला. मोटारीची घुर्र, आणि बाकी काही नाही.

वीस मिनिटांनी तिने वाटी ओतली तेव्हा दूध बाटलीवरच्या शंभरच्या रेघेला टेकलं. लाडकीने बाटली उन्हात धरली. वरती साईचा पिवळा पट्टा जमत होता. तिने झाकण काढून वास घेतला, पुन्हा उन्हात धरली.

“शेजारनीकडून आनलंस का गं?” शेवटी तिने विचारलं.

सोमवारी अकराला मॅडम यंत्राच्या कागदांवर बायकांच्या सह्या गोळा करायला आल्या. कॅन्टीनमध्ये त्या, नविनभाई, तानी आणि चहाला आलेल्या सात-आठ बायका. रूपी यंत्र घेऊन आत आली. नविनभाई आपणहून पाठ करून बसले. तिने खुर्ची भिंतीकडे वळवली, ओढणी पांघरली.

“वीस मिनटं कुनी बोलू नका.”

तानीसुद्धा बोलली नाही. वीस मिनिटांनी रूपीने बाटली टेबलावर ठेवली. रविवारपेक्षा वर.

“हे कसं काय?” मॅडम म्हणाल्या.

“कडं बदललं. तुम्ही पुडी फोडली नव्हती. वाटी सुटलेली होती, मी तेव्हाच ऐकायला पायजे होतं. माझं चुकलं ते तेवढंच.” तिने ओढणी सारखी केली. वाट्या तिने परत आत चढवल्या होत्या. सगळं दूध तिने ओतलं नव्हतं, एका वाटीत मुद्दाम ठेवलं होतं. “आता बघा.”

ती कोपऱ्यातल्या रिकाम्या क्रेटशी गेली आणि रोज क्रेट उचलायला वाकते तशी वाकली. पोलक्यातून दूध फरशीवर सांडलं. चांगलं ओंजळभर. एक बाई हळूच “अरेरे” म्हणाली. आपल्या लेकराच्या तोंडचं असं सगळ्यांसमोर सांडताना रूपीचा चेहरा कसा झाला ते नविनभाईंना दिसलं नाही, मॅडमना दिसलं. त्यांनी नजर फॉर्मवर नेली.

“लिहा,” रूपी म्हणाली. “यंत्र मला चालतं. मधल्या कड्यानं, बसून, वीस मिनटं. पास. उभ्यानं फेल. क्रेट उचलून फेल. हात धुवायला पानी पायजे, कडी लावलेलं दार पायजे, एक खुर्ची पायजे. दिवसातून दोनदा. तेवढीच सुट्टी होती माझी, ती तुम्ही बंद केली. सुट्टी द्या, मग यंत्र घालते. माझी सासू रस्त्यावर बसायची नाय. मलाच ते पायजे हाय.”

“अगं पण रिपोर्ट वर गेला.”

“मग खाली मागवा.”

“असं होत नाही. नविनभाई, तुम्ही सांगा हिला.”

नविनभाई वळले. त्यांनी बाटलीकडे बघितलं, फरशीकडे बघितलं, चष्मा काढून शर्टाला पुसला. “मॅडम,” ते म्हणाले, “आमच्याकडे रूपी बोलली फेल तर फेल. मला नाय विचारायचं.”

मॅडमनी त्या दिवशी नवं काही लिहिलं नाही. कागद पिशवीत घातले आणि गेल्या.

रूपीने फरशी पुसायला कुणाला हात लावू दिला नाही. पिशवीतला स्वच्छ धुतलेला पंचा काढला, गुडघ्यावर बसून दूध टिपून घेतलं. तिच्या घरची रीत आहे: आईचं दूध मोरीत जाऊ द्यायचं नाही, उंबराला द्यायचं, कारण त्यालाही दूध असतं. पंचा घेऊन ती गेटबाहेर गेली. बंद झालेली सुट्टी तिने घेतली. वॉचमन तिला थांबवणार होता. मग त्याला एकाएकी पलीकडच्या ट्रकचा नंबर वाचावासा वाटला.

उंबराच्या मुळाशी रूपीने पंचा पिळला. पांढरे चार थेंब मातीत गेले. सुट्टी बंद झाली तरी लाडकी आलीच होती. रूपी तिच्याशेजारी बसली, प्रगतीला घेतलं, आणि पोर दोन्ही मुठी आवळून प्यायला लागली. रूपीने सवयीने कान दिला. घटघट, घटघट. हवा कुठे जात नव्हती.

आज तिसरा महिना चालू आहे. कॅन्टीनशेजारच्या कोठाराला नविनभाईंनी स्वतः कडी बसवली, तानीने घरची खुर्ची आणून ठेवली. लाडकी आता घरी असते. रूपी दिवसातून दोनदा तिथे जाते, आणि दोन्ही वेळा हजेरीत तिच्या नावापुढे ‘जागेवर नाही’ असं पडतं, कारण तुमचा कागद अजून तसाच आहे. माता अयोग्य, दूध अपुरे, वर गोल शिक्का.

तिने तपासून, कान लावून, दूध सांडून दाखवून तुम्हाला सांगितलं की फेल काय आहे. ते दोन शब्द खोडून तिथे काय लिहिणार आहात, आणि कधी? उत्तर द्या. लेखी द्या.