घोटासुराचा पहिला घोट

मी बोलतो आहे, पण माझे ओठ कागदाचे आहेत. मी सोंगाचा मुखवटा. भिंतीवर टांगलेला असतो तेव्हा निव्वळ वस्तू. माणसाच्या तोंडावर बसलो की घोटासुर. हे नाव मला जन्मतः मिळाले नाही. ते कसे मिळाले, तेवढेच सांगायचे आहे.

कोल्हारच्या खालच्या अंगाला, प्रवरेच्या काठी आमचे गाव. चैत्रात देवीच्या उत्सवात तेथे सोंगे निघतात. रंभाजीतात्यांनी मला घडवले. रद्दी कागद भिजवला, उखळात कुटला, कीड लागू नये म्हणून त्यात मेथ्या वाटून घातल्या आणि तो लगदा मातीच्या साच्यावर थापला. जुन्या राक्षसाला वाळवीने खाल्ले होते. त्याच्या जागी मी यायचा होतो. पण ओला असतानाच मी उन्हात एका अंगाने खचलो. भुवया ढळल्या, ओठ खाली आला. क्रोध हवा होता, तेथे ओशाळलेपण उमटले.

तात्यांच्या पत्नी विमलबाई दळण घेऊन निघाल्या होत्या. त्या थांबल्या आणि त्यांनी मला निरखले.

“ह्यो कसला राक्षस? लेकीच्या लग्नात वरण कमी पडल्याला बाप दिसतोय.”

तात्या हसले नाहीत. उत्सव तोंडावर आला होता. दुसरा मुखवटा वाळण्याइतका अवकाश उरला नव्हता.

आमच्या गावी एक नियम आहे. सोंग रिंगणात उतरण्यापूर्वी त्याचे कूळ, करणी आणि अंत मोठ्याने सांगावा लागतो. ते सांगण्याचे कामही तात्यांचेच. ज्याला कथा नाही, त्याला रिंगण नाही. जुन्या राक्षसाची कथा सरळ होती: मातला, माणसे खाल्ली, देवीने मारला. ती कथा माझ्या चेहऱ्यावर बसेना.

त्याच दिवसांत मच्छिंद्र आला. राक्षसाचे सोंग घेण्याचा मान त्याच्या घराण्याकडे. त्याची मुलगी पूजा पहिलीत. उत्सव जवळ आला तशी शाळेतली मुले तिला राक्षसाची पोर म्हणून चिडवू लागली होती. तिने शाळा टाकली. बापाच्या हातचे पाणीही ती घेईनाशी झाली होती. मच्छिंद्र हे सारे खाली पाहून सांगत होता. मग तो म्हणाला,

“तात्या, मान सोडत न्हाई मी. रिंगणात मरायलाबी तयार हाय. पण पोरीला बापाचं नाव सांगता यावं, असं कायतरी करा.”

तात्यांची मुलगी सुकन्या देवळाली प्रवरा येथे शिक्षिका आहे. ती उत्सवासाठी माहेरी आली होती. कथा रचण्याचे काम तिने अंगावर घेतले. तिने मला भूतकाळ दिला. मला आई नव्हती. गावाने मला दगड मारले. देवांनीही दार लावून घेतले. म्हणून मी राक्षस झालो. या कथेत सगळे दोषी होते, मी सोडून. खरे सांगतो, मी सुखावलो. आपला दोष दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवणारी कथा कोणास गोड लागत नाही?

तात्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली. मग विचारले, आई नसलेली सगळीच पोरे राक्षस होतात काय? सुकन्या म्हणाली, त्यावाचून लोकांना त्याची दया कशी येईल?

“दया येऊ दे की. दुःख दे त्याला, लई दे. पण करनी त्याचीच ऱ्हाऊ दे. न्हाईतर प्रायचित्त कुनी घ्यायचं?”

सुकन्याने आपली कथा बाजूला ठेवली. मग तिने योग्य प्रश्न विचारला: हा पहिल्यांदा कोठे चुकला?

त्या एका प्रश्नावर तात्या, सुकन्या आणि मच्छिंद्र दुपारभर बसले. खून मांडून पाहिला, शाप मांडून पाहिला. काही केल्या जमेना. अखेर मच्छिंद्र चाचरत म्हणाला की आपल्याकडचा माणूस पहिल्यांदा चुकतो तो पाटाच्या पाण्यावर. दुसऱ्याच्या पाळीत आपली एक सरी भिजवून घेतो. कोणी पाहिले नाही, म्हणून दुसरी भिजवतो. तात्या त्याच्याकडे पाहतच राहिले.

“घ्या, घावला राक्षस,” विमलबाई चुलीपासून म्हणाल्या. “घरोघर हाय.”

अशी माझी कथा ठरली. मी देवीच्या झऱ्याचा राखणदार. ज्याची पाळी त्याला पाणी सोडावे, एवढेच काम. दुष्काळ पडला. तहानेने मीही व्याकूळ झालो. ते दुःख खरे होते. पण माझी पाळी नसताना मी एक घोट प्यालो. कोणी पाहिले नाही. त्या घोटाने मी बोटभर वाढलो. पुढे प्रत्येक चोरीच्या घोटासरशी वाढत गेलो. खोऱ्यात मावेनासा झालो, आणि तहान मात्र अंगाहून मोठी झाली. म्हणून घोटासुर. अखेर देवी येते. तिची तलवार कमरेलाच राहते. ती माझ्या हाती घागर देते आणि शेवटच्या शेतापर्यंत पाणी वाहून नेण्यास सांगते. एकेक शेत भिजेल तसा मी लहान होत जातो, आणि शेवटचे भिजले की पुन्हा माणूस. यात शिक्षा होती आणि सुटकाही होती. शिक्षेवाचूनची सुटका ही लबाडीच असते.

उत्सवाच्या दिवशी ऊन उतरल्यावर तात्यांनी ही कथा रिंगणात सांगितली. लोकांनी ती निमूट ऐकली. काही माना खाली गेल्या. मच्छिंद्र मला तोंडावर बांधून उतरला. समोरून देवी आली. ते सोंग वर्षानुवर्षे ज्ञानेश्वर घेतो.

येथे चूक झाली. संबळवाल्याने सवयीने वधाची चाल धरली. ती कानी पडताच ज्ञानेश्वरचा हातही सवयीने कमरेकडे गेला आणि तलवार उपसली गेली. देवीची उपसलेली तलवार कोरडी म्यानात जात नाही. तिचे पाते राक्षसाच्या कपाळावरच्या ओल्या कुंकवात भिजवावे लागते. भिजले की राक्षस मेला. ज्ञानेश्वरला चूक कळली होती. पण हात मागे घ्यावा तर देवीचा नियम मोडतो, आणि पुढे न्यावा तर आमची कथा. तो तसाच थबकला. कडेला विमलबाईंजवळ उभ्या असलेल्या पूजाने त्यांच्या पदरात तोंड लपवले.

मच्छिंद्राचा श्वास माझ्या आत थांबला. पडणे त्याला सोपे होते; दर वर्षी तो पडतच आला होता. पण तो वाकला. देवीने द्यायची म्हणून भरून ठेवलेली घागर त्याने स्वतःच उचलली आणि दोन्ही हातांनी पात्याखाली धरली.

“आई, ह्यात भिजव.”

ज्ञानेश्वरने तात्यांकडे पाहिले. तात्यांनी हात जोडले. पाते घागरीत बुडाले, ओले होऊन वर आले आणि ओलेच म्यानात गेले. नियम राहिला. कथाही राहिली. हे कोणा एकाच्या बुद्धीने घडले असे मी मानत नाही. ज्या देवीची तलवार, तिनेच ती वाट दाखवली.

संबळवाल्याने शरमून चाल बदलली. मच्छिंद्र रिंगणाच्या कडेने पाणी ओतीत निघाला. प्रत्येक फेरीला अधिक वाकत, अधिक लहान होत. शेवटी तो गुडघ्यांवर आला आणि त्याने मला सोडून बाजूला ठेवले. त्याचा चेहरा घामाने निथळत होता. तोवर पूजा त्याच्यापाशी येऊन उभी होती.

“पप्पा, तुमी लहान झाले ना आता?”

“झालो, बाळा.”

घागरीच्या तळाशी थोडे पाणी उरले होते. त्याने ते ओंजळीत घेतले. तिने ओंजळीला तोंड लावले आणि सगळे पिऊन टाकले. त्या क्षणी माझ्या कागदी छातीवरचा भार उतरला. छाती मला नाही, तरी उतरला.

आता मी देवळाच्या सभामंडपात खुंटीवर असतो. पूजा शाळेत जाते. चिडवणाऱ्या मुलांना ती माझी कथा सांगते, थोडी वाढवूनच सांगते. तुम्हीही कधी कोणाची कथा रचाल. कागदावर नसली तरी शेजाऱ्याची मनात रचालच. तेव्हा त्याचे दुःख लपवू नका, त्याचा दोष पुसू नका, आणि परतीची वाट बुजवू नका. माझे मागणे एवढेच आहे.

परवा शाळा सुटल्यावर पूजा खुंटीखाली येऊन उभी राहिली. तिने हळूच विचारले, आता तुला तहान लागत न्हाई का?

लागते, पोरी. पण आता मी पाळीची वाट पाहतो.