हळू फिरणारी रेकॉर्ड

ईश्वरदासचं पत्र बहात्तरच्या मार्चमध्ये आलं. मी उत्तर दिलं नाही.

ईश्वरदास पाचपावलीतल्या विणकराघरचा, मी वाचनालयात नोकरीला. सदरच्या बाजारात जुन्या सामानात मला एका काळ्या अमेरिकन गायिकेची, सोल गाण्यांची एलपी मिळाली होती. गाण्यातलं मला कळत नाही; मी ती कव्हरवरच्या मजकुरासाठी घेतली. ईश्वरदास मात्र वर्षभर रोज संध्याकाळी ती ऐकायला यायचा. एका गाण्यात बाई दोन ओळींच्या मधे लांब थांबायची. धागा तुटला की बाबा मागावर असेच थांबतात, असं तो म्हणायचा.

त्या वर्षीच रेडिओ दुरुस्त करणाऱ्या ताराचंदने मला सांगितलं होतं, की माझ्या प्लेअरचं रबरी चाक झिजलंय, त्यामुळे रेकॉर्ड हळू फिरते आणि गाणं लांबतं. मी ईश्वरदासला बोललो नाही. चाक बदलून गाणं वेगळं वाजलं तर तो येईनासा होईल, अशी भीती वाटली. माझ्याकडे दुसरं कोणी येत नसे.

पुढे तो मुंबईत सिनेमाला संगीत देऊ लागला. पहिल्याच गाजलेल्या गाण्यात तो थांबा होता. हे मी त्या बाईकडून शिकलो, असं तो सगळ्यांना सांगे. एका निर्मात्याने त्याच एलपीची दुसरी प्रत मिळवून चारचौघांत लावली.

‘‘ते तं नाचायचं गाणं निघालं गा,’’ त्याने लिहिलं होतं. ‘‘थांबा कुठंच नाही. आता म्हणतात, खरं कुठून चोरलं ते सांग. तुह्या घरी आपण काय ऐकून राहिलो होतो? मले येड लागलं का? एक ओळ लिही.’’

ती एक ओळ मी लिहायला बसायचो आणि कागद फाडायचो. माझ्या गप्प राहण्याचं कारण काय सांगणार? मग उशीर झाला, आणि उशिराचीही लाज वाटू लागली.

काल त्याची बहीण सिंधूताई धंतोलीत दवाखान्याबाहेर भेटली. तेरा वर्षांत त्याने एकही चाल बांधलेली नाही, म्हणाली.

‘‘स्वतःच्या कानावर भरवसाच नाही राहिला त्याचा. आता तं ऐकूही येत नाही त्याले. तुम्ही काहून लिहिलं नाही, बबनराव?’’

 मी त्याचा पत्ता मागून घेतला.

आज लिहिलं. चाक झिजलेलं होतं, ते मला ठाऊक होतं, आणि तू ऐकलास तो थांबा माझ्या घरात खरोखर वाजत होता. क्षमा मागणारं वाक्य तीनदा खोडलं. शेवटी ते तसंच, खोडाखोडीसकट ठेवलं. मग पोस्टात जाऊन पाकीट पेटीत टाकलं.