अप्पांचं शिरस्त्राण

"दुनियेत खऱ्या इन्साफाच्या जागा दोनच. एक सुप्रीम कोर्ट, आन् दुसरी बेसबॉलच्या मैदानात कॅचरच्या पाठीमागं!"

शिवप्रकाशअप्पांनी हे तोंडावरच्या लोखंडी जाळीतून जाहीर केलं आणि 'पाठीमागं'वर जोर देण्यासाठी मान जरा पुढे झुकवली. तेवढ्यात जाळीला बांधलेला सायकलच्या ट्यूबचा पट्टा तुटला आणि मास्क समोरच्या ताटात, वरणभातावर पालथा पडला.

त्यांच्या पत्नी भागम्मा यांनी तो दोन बोटांनी उचलून निथळला.

"मागल्या साली ह्याच्यातून चेंडू आत शिरला आन् तुमची भुवई फोडली. आज वरन शिरलं. म्हंजे ह्याच्यातून आत यायला कुनालाबी मनाई न्हाई."

"ट्यूब जुनी झाल्ती."

"तुमीबी झालाव."

अप्पांचं परभणीत भांड्यांचं दुकान. दुकानाच्या मागेच घर. बेसबॉलशी त्यांचा संबंध आला तो केवळ आवाजामुळे. फार वर्षांपूर्वी एका शाळेतले ड्रिल मास्तर दिनकरराव बादली घ्यायला आले होते. भाव करताना अप्पांचा आवाज त्यांनी ऐकला आणि बादलीसोबत अप्पांनाही मैदानावर घेऊन गेले. त्या दिवशीचा पंच ऐनवेळी सासुरवाडीला निघून गेला होता. तेव्हापासून जिल्ह्यातल्या शाळांचा न्याय अप्पांच्या घशातून होत आला. परभणीत बेसबॉलबद्दल विचारलं तर लोक क्रिकेटचं सांगतात. न सांगणारे दोघंच, अप्पा आणि दिनकरराव.

आणि येत्या रविवारी मुलींच्या राज्य स्पर्धेची फायनल चक्क परभणीत होती. होम प्लेटच्या, म्हणजे बॅटवालीच्या पायाजवळच्या पांढऱ्या पाटीच्या, मागे पंच म्हणून उभे राहणार होते अप्पा. साठी झाली की त्या जागेवर उभं राहता येत नाही असा संघटनेचा नियम, आणि अप्पांची साठी पुढच्याच महिन्यात. एवढा एकच सामना उरला होता.

"मंजूर," भागम्मा म्हणाल्या. "पन डोस्क्यात जे घालसाल ते आधी मी पारखनार. पास झालं तर मैदान. न्हाई झालं तर रविवारी गल्ल्यावर बसायचं."

या घरात भागम्मांच्या निकालावर अपील नव्हतं.

दुपारी दिनकरराव स्कूटरवर दोन पिशव्या घेऊन दुकानात आले. निवृत्त होऊन जमाना झाला तरी शिट्टी गळ्यातच होती.

"आप्पा, संघटनेनं दोन नमुने पाठवलेत. एक ठिवून घ्या, एक वापस."

पहिल्या पिशवीतून निघाला जाळीचा मास्क. हलका, आतून चामड्याची गादी. खाली टोपी घालायची आणि वरून हा लावायचा. दुसऱ्या पिशवीतून जे निघालं त्याला हेल्मेट म्हणायचं की पिंप, हे अप्पांना लवकर ठरवता येईना. समोर जाळी, बाजूनं बंद, मागूनही बंद.

"बॅट मागं फिरली तरी डोस्कं शाबूत," दिनकरराव म्हणाले.

अप्पांनी ते घालून परातीत पाहिलं. "ह्यात मी वेल्डिंगवाला दिसायलोय."

मग त्यांनी जाळीचा मास्क लावला आणि त्यांचा चेहरा खुलला. फटका बसला रे बसला की पंचानं डाव्या हातानं मास्क झटक्यात उतरवायचा, टोपी हलू द्यायची नाही आणि चेंडूकडे बघत दोन पावलं पुढे जायचं, ही अदा अप्पांनी वर्षानुवर्षं दुकानात घोटली होती. आताही त्यांनी ती करून दाखवली. भिंतीवरच्या सगळ्या ताटांतून, तपेल्यांतून आणि डब्यांतून तेवढ्याच अप्पांनी एकदम मास्क उतरवले. दिनकररावांच्या अंगावर काटा आला.

"तरी पारख पायजेच," अप्पा म्हणाले. "धंद्याच्या रीतीनं."

धंद्याची रीत सोपी आहे. भांडं बोटांच्या टोकांवर तोलून धरायचं आणि नखानं टिचकी मारायची. 'टण्ण' असा लांब नाद निघाला तर माल अस्सल. 'भद' झालं तर कुठंतरी तडा आहे, दुसरं दाखवा. परभणीतले निम्मे संसार याच टिचकीवर उभे राहिले आहेत.

अप्पांनी मास्कला टिचकी मारली. टण्ण… नाद समोरच्या चहाच्या टपरीपर्यंत जाऊन परत आला. मग हेल्मेटला मारली. भद.

"फुटकं हाय," अप्पांनी निकाल दिला.

दिनकररावांनी मान डोलावली. त्यांच्या घरचीही सगळी भांडी इथलीच होती.

"लावा बरं तोंडाला," मागच्या दारातून आवाज आला. भागम्मांच्या हातात चेंडू होता. पदर खोचलेला होता.

गल्लीत, रिकाम्या खोक्यांच्या राशीपुढे अप्पांना उभं केलं गेलं.

"जरा हळू टाक बर्का."

"का? तुमच्या पोरी हळू टाकतेत का?"

भागम्मांनी उभ्या आयुष्यात चेंडू फेकला नव्हता. पण नेम धरताना त्यांनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे ज्या एकाग्रतेनं पाहिलं, तिच्यामागे सबंध संसाराचा सराव होता. टण्ण! टपरीवर कुणीतरी म्हणालं, "आप्पांचा हंडा पडला वाटतं."

अप्पा उभेच होते. हसत होते. "बघ! काईबी झालं न्हाई!"

"जेवायला काय करू?" भागम्मांनी विचारलं.

"आं?"

"जेवायला काय करू म्हनलं."

"हो, हो, रविवारीच हाय."

दिनकरराव आपल्या बुटांकडे पाहू लागले.

"आता ते दुसरं घाला."

दुसरा चेंडू आला. भद. खोक्यांवरचं मांजरसुद्धा जागचं हललं नाही.

"जेवायला काय करू?"

"पिठलं," अप्पा ताबडतोब म्हणाले. आणि उत्तर तोंडातून निघून गेल्यावर त्यांचा चेहरा पडला.

"भांडं वाजलं पायजे," भागम्मा म्हणाल्या, "डोस्कं न्हाई."

अप्पा एका पालथ्या घागरीवर बसले. ज्या नादावर आयुष्य काढलं त्यानंच दगा दिला होता. "बरोबर हाय तुझं," ते म्हणाले. "पन माझी अदा गेली."

"अदा जाऊ द्या. नवरा राह्यला."

रविवारी मैदान असं भरलं की आजवर न पाहिलेला खेळ लोक आता हक्कानं समजावून सांगायला लागले. शाळांच्या पोरी कुंपणावर चढल्या होत्या. ढोल होता. मंडपात पाहुणे होते. ऊन सगळ्यांना सारखं होतं, फक्त अप्पांना जरा जास्त. ते पिंपात होते.

समोर सांगलीच्या मुली. परभणीकडून बॅटमागे बसून चेंडू झेलणारी कॅचर शीला, चारठाण्याची. घरी शेळ्यामेंढ्या, कळपाबाहेर गेलेलं करडू दगड टाकून वळवता वळवता तिचा हात असा तयार झाला होता की दुसऱ्या बेसकडे फेकलेला चेंडू शिट्टी वाजवत जायचा. ती पाचवीत असल्यापासून अप्पा तिच्या पाठीमागे उभे होते. तिनं टाकलेल्या प्रत्येक सुस्काऱ्याचा अर्थ त्यांना कळायचा.

शेवटचा डाव आला. बरोबरी. बॅट सांगलीच्या हातात, त्यांची एक मुलगी तिसऱ्या बेसवर. ती घरी, म्हणजे होम प्लेटवर, पोचली की खेळ खलास; त्याआधी शीलानं चेंडू तिला टेकवला तर ती आऊट. ढोल थांबला. पिचरनं चेंडू टाकला, बॅटची कड लागली आणि चेंडू सरळ मागे, अप्पांच्या कपाळावर.

भद.

मैदानानं श्वास रोखला. मंडपाशेजारून भागम्मा उठून उभ्या राहिल्या आणि सगळ्या जिल्ह्याला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "जेवायला काय करू?"

"काईबी कर!" अप्पांनी तितक्याच खणखणीत आवाजात उत्तर दिलं आणि नवा चेंडू मागवला. भागम्मा खाली बसल्या. बाकी कुणाला काही कळलं नाही, पण टाळ्या पडल्या.

पुढचा चेंडू. फटका! चेंडू जमिनीवरून उसळत गेला, तिसऱ्या बेसवरची मुलगी सुटली, कुणीतरी चेंडू उचलला, घराकडे फेकला. अप्पांचा डावा हात सवयीनं वर गेला आणि हेल्मेटवर आपटून परत आला. मग त्यांनी फक्त डोळे उघडे ठेवले. मुलगी घसरली. शीला झेपावली. धूळ उडाली. धुळीत एक बूट, एक ग्लोव्ह आणि पांढरी प्लेट.

"आऊट! आऊट!" सगळं मैदान ओरडत होतं. दिनकरराव शिट्टी फुंकत होते. प्रमुख पाहुण्यांना काय झालं ते माहीत नव्हतं, पण तेही उभं राहून ओरडत होते.

अप्पांनी दोन्ही हात आडवे पसरले.

"सेफ!"

एवढी शांतता परभणीत कर्फ्यूतही नसते. मग मागून पाण्याची एक बाटली आली आणि अप्पांच्या डोक्यावर मागच्या बाजूला बसली. भद. अप्पांनी वळूनही पाहिलं नाही.

शीला गुडघ्यांवर होती. ग्लोव्हमधला चेंडू तिनं अजून वर धरला होता.

"आप्पा, लागला की वो माझा हात."

"लागला, पोरी. पन तिचा पाय आधी आला."

तिनं प्लेटकडे पाहिलं. धुळीत बुटाची रेघ होती. मग तिनं चेंडू खाली ठेवला.

"आलाच आधी," ती म्हणाली आणि रडायला लागली.

पलीकडे सांगलीच्या मुली एकमेकींच्या अंगावर चढून नाचत होत्या. मंडपातले लोक कुंपणापर्यंत आले होते. अप्पांचे हात अजून पसरलेलेच होते. ते खाली घेतले की पुन्हा कधी या जागेवर पसरायचे नव्हते, हे त्यांना माहीत होतं, भागम्मांनाही होतं. दिनकररावांनी आता कुठे शिट्टी ओठांतून काढली. न्यायमूर्ती काय बोलतात म्हणून सगळे पाहत राहिले.

अप्पांनी हात सावकाश खाली आणले, हेल्मेटच्या मागे नेले आणि चाचपलं. काही सापडेना. तेव्हा ते शीलाकडे पाठ करून तिच्यापुढे उकिडवे बसले.

"शीला, तेवढं मागचं बक्कल सोड की माय. दुसऱ्या डावापासनं नाक खाजायलंय."