दादाच्या पाठीमागची जागा

आमच्या नो नाटकाच्या, म्हणजे जपानच्या जुन्या मुखवट्याच्या नाटकाच्या, घराण्यात भावांना दोनच जागा. थोरला मुखवटा लावून नाचणार, धाकटा त्याच्या मागे भिंतीशी गुडघे मोडून बसणार. पंखा पडला तर उचलून द्यायचा, बाही अडकली तर सोडवायची. आणि थोरला मंचावर कोसळलाच, तर उठून तो थांबला तिथून पुढे नाचायचं. नाटक थांबत नाही. माणूस मेला तरी नाही.

त्यासाठी धाकट्यानं थोरल्याच्या सगळ्या भूमिका पाठ ठेवायच्या. एकतीस वर्षं मी ठेवल्या. मुनेताकादादाची पाठ त्याच्या बायकोपेक्षा मी जास्त पाहिली असेल.

"दादा, एकदा तरी आजारी पड की रे!" दर प्रयोगाआधी मी म्हणायचो.

"मी मेल्याशिवाय तुझी हौस फिटायची नाही, कियोमात्सु," तोही दर वेळी तेच ऐकवायचा. मग मी त्याच्या मुखवट्याची दोरी बांधायचो.

हसण्यावारी न्यायचो, पण खोटं कशाला बोलू? मला खरंच नाचायचं होतं.

कानाझावाच्या त्या प्रयोगात दादा नदीकाठी नवऱ्याची वाट पाहणारी बाई झाला होता. दुसऱ्या नाचात जमिनीवर पाय आपटायचा होता, तो त्यानं उचललाच नाही. आधी गुडघा टेकला, मग आडवा झाला. मुखवट्याआडून घरघर ऐकू आली.

ढोल थांबला नाही, गाणारे थांबले नाहीत. माझ्या शेजारी बसलेल्या माझ्या शिष्यानं, फुरुयानं, दादाच्या काखेत हात घालून त्याला बाजूच्या बुटक्या दारातून आत ओढलं. त्याआधी मी दादाच्या हातातून पंखा सोडवून घेतला. बोटं सुटता सुटत नव्हती. मग मी उभा राहिलो.

मुखवटा लावायला वेळ कुठला! उघड्या तोंडानं नाचायचं तर चेहऱ्यालाच मुखवटा समजायचं, भुवईसुद्धा हलू द्यायची नाही, अशी आमची रीत. दारापलीकडे माझा भाऊ चालला होता आणि मी इकडे पावलं मोजत होतो. आग लागो त्या हौसेला!

त्या भूमिकेत बाई एकदाच रडते. हात उचलायचा, क्षणभर चेहऱ्यासमोर धरायचा, खाली घ्यायचा. मी उचलला, पण तो खाली घेववेना. गाणाऱ्यांनी बिचाऱ्यांनी ओळ लांबवली.

नाटक संपल्यावर वाकून आत गेलो. वहिनी दादाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"गेला?"

"आत्ताच, भावजी. शुद्धीवर होते. तुमच्या पायांचा आवाज ऐकत होते, बोटानं ताल धरून."

"काही बोलला का?"

वहिनीनं डोळे पुसले. "म्हणाले, 'गाढव कुठ्ठेच चुकला नाही बघ. उगाच इतकी वर्षं मागे बसवला त्याला.'"

मी तिथेच बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

पुढच्या प्रयोगाला मुखवटा माझ्या तोंडावर होता. फुरुया मागे उभा राहून दोरी बांधत होता.

"काहीतरी बोल की रे," मी म्हणालो.

"काय बोलू, गुरुजी?"

आजारी पड म्हण, असं त्याला कसं सांगणार? "काही नाही," म्हणालो, "घट्ट बांध."