पुलापलीकडचे किडे

एक पंख. नंबरप्लेटवरच्या सातला चिकटलेला, करंगळीच्या नखाहून लहान, आणि इतका पातळ की खालचा काळा आकडा आरपार दिसत होता... तिनं ओलं फडकं उचललं आणि हात तसाच राहिला. बाकीचा किडा कुठं गेला कोण जाणे. पंख मात्र शाबूत, शिरांच्या जाळीसकट.

भिजू दे आधी, ती स्वतःशी म्हणाली. ओला वर्तमानपत्राचा कागद गाडीच्या तोंडावर पसरायचा, दहा मिनिटं थांबायचं, मग अलगद पुसायचं. कोरडं घासलं तर रंगावर ओरखडे उठतात. ही नवऱ्याची पद्धत. त्याला जाऊन तीन वर्षं झाली, तरी गाडी धुताना त्याच्या सूचना ऐकू येत, आणि अजून त्यांचा थोडा रागही येई.

साडेआठ वाजले होते. दहाला लेक येणार. दर रविवारी येई, आणि वाहनतळावरच्या खांबाला गाडी घासली होती तेव्हापासून आईच्या आधी गाडीची तब्येत बघे. तेव्हाच ठरलं होतं – बाजार आणि वाचनालय, तेही उजेडात. "याच्या पुढं एक किलोमीटर जरी गेलीस ना आई, तर किल्ली माझ्याकडे." आणि ती हो म्हणाली होती. शाळेत पोरांनी म्हणावं तसं, खाली बघून.

डावा दिवा स्वच्छ झाला. बंपरचा डावा भागही. उजवीकडे अजून सगळे होते – फिकट अंगाचे, शेपटीला केसांसारखे तीन तंतू असलेले. पाण्यावरचे किडे. पंख फुटल्यावर जेमतेम एक दिवस जगणारे. वर्गात चित्र काढून शिकवले होते, प्रत्यक्ष कधी एवढे पाहिले नव्हते. ते नदीवरच सापडतात, आणि नदी साठ किलोमीटरवर.

"काय बाई, सकाळी सकाळी गाडीला अंघोळ?" सोसायटीचे सेक्रेटरी दुधाची पिशवी घेऊन उभे.

"हो, पण तिला विचारून घालतेय."

"किडे फार दिसतायत. लांब गेला होतात वाटतं?"

"छे हो! वाचनालयाच्या दिव्याखाली लावली होती."

"एवढे किडे? वाचायला आले असतील बिचारे." ते हसत जिना चढून गेले.

तीही हसली, आणि मग हसू तोंडावर तसंच वाळलं. किती पटकन सुचलं! छत्तीस वर्षं शाळेत काढली आणि खोटं बोलताना जीभ एकदाही अडखळली नाही.

काल वाचनालयापर्यंत गेली होती हे मात्र खरं. तिथून डावीकडे वळायचं, ते वळली नाही. काही ठरवलं नव्हतं... रस्ता मोकळा होता, ऊन उतरत होतं आणि गाडी चालत होती, बस. पुढं पूल. अरुंद, समोरून ट्रक येणारा. 'पुलापर्यंत तू, पुढं मी' – अठ्ठावीस वर्षं नवरा असं म्हणे, आणि पुलाच्या अलीकडे ती गाडी बाजूला घेऊन उतरे. शेवटी शेवटी तर त्याला म्हणावंही लागत नसे. तो दार उघडायच्या आत ती शेजारच्या सीटवर सरकलेली असे.

कालही त्या जागी वेग आपोआप कमी झाला. इंडिकेटर लागला. टिक् टिक् टिक्... दार उघडायला कुणी आलं नाही. तिनं इंडिकेटर बंद केला.

आणि पुलाच्या मध्यावर ते आले, फळा पुसताना खडूची भुकटी उडावी तसे, हजारोंनी. वायपरनं काच आणखीच बरबटली. क्षणभर काही दिसेना. भीती वाटली? हो, वाटली, मला घाम फुटला. पण मी वेग कमी केला, चाक सरळ धरलं, समोरच्या ट्रकला जाऊ दिलं, आणि पलीकडे पोचले. पलीकडे काही नव्हतं. मी उतरले, बाटलीतलं पाणी प्यायले आणि परत आले. एवढंच. पण ते एवढंच माझं होतं.

फडक्याकडे बघता बघता तिला एक मुलगी आठवली, दुसरीतली. चुकलेली बेरीज खोडत खोडत तिनं वहीला भोक पाडलं होतं आणि त्या भोकावर हात ठेवून बसली होती. त्या दिवसापासून बाईंच्या वर्गात खोडरबराला बंदी. 'खोडायचं नाही. चुकलं तर शेजारी लिहा. मला दोन्ही दिसू देत.'

आणि बाई स्वतः काय करतायत? बरं, काल तर काही चुकलंही नव्हतं. चुकला असेल तर दिलेला शब्द. पुलावर चाक धरलेले हात नव्हेत.

उजवीकडे पसरायचा ओला कागद तिनं तसाच चुरगळून टाकला. बादली मोरीत रिकामी केली. फडकं पिळून दोरीवर टाकलं.

लेक साडेनवालाच आली. हेल्मेट काढता काढता थबकली.

"आई, हे काय?"

"नदीवरचे किडे."

"नदीवरचे? म्हणजे तू... एकटी? संध्याकाळची?"

"एकटी. पूल ओलांडून."

"आणि हे अर्धंच का पुसलंयस?"

"लपवत होते. मग थांबले."

लेकीचा चेहरा रागानं नव्हे, भीतीनं उतरला. ही भीती खोटी नव्हती. पुलावर काच आंधळी झाली होती, हेही खोटं नव्हतं.

"किल्ली दे, आई."

"आधी बघ. जवळून बघ. मग माग."

पुढं केलेला हात तसाच ठेवून लेक बघायला वाकली की तिनं नुसतीच मान खाली घातली, कळलं नाही. आई चालकाच्या दाराला पाठ लावून उभी होती, मुठीत किल्ली, किल्लीचे दात तळव्यात रुतलेले. आता पाय सरकतील, कुणी म्हणायच्या आत, नेहमीसारखे... ती पायांकडे बघत राहिली. पाय जागचे हलले नाहीत.