मी फिरलो, त्या थांबल्या

मित्रांनो, मी भिंतीत बसवलेला एक जुना लाकडी कप्पा आहे आणि फिरून फिरून आता फार थकलो आहे.

गोव्यात डिचोलीजवळच्या टेकडीवर ख्रिस्ती ननांचा एक मठ आहे. गोवा मुक्त झाल्यावर थोड्याच वर्षांनी शिवदास मेस्तांनी मला फणसाच्या लाकडातून घडवले. उभ्या पिंपासारखा माझा आकार, एकाच बाजूने उघडा. बाहेरच्या माणसाने माझ्यात पाव, अंडी, पत्र ठेवायचे आणि मला ढकलायचे. मी वळलो की वस्तू आत पोचते. बाहेरच्याला आतले दिसत नाही, आतल्याला बाहेरचे. आत राहणाऱ्या नन कधीच बाहेर पडत नाहीत. दिवसातून सात वेळा घंटा वाजते आणि त्या प्रार्थनेला बसतात.

टेकडीच्या पलीकडच्या उतारावर सिस्टर लुर्दीना यांचा दवाखाना होता. त्या सुईण होत्या. बसने फिरत, बाळंतपणे करत, बाजारात भाजीचा भाव पाडून घेत. आतली नन काय, बाहेरची सिस्टर काय, दोघींचा पोशाख लांब, दोघींच्या डोक्यावर वस्त्र. आमच्या भागातले लोक दोघींनाही माद्र, म्हणजे मदरच म्हणत. इथेच घोटाळा झाला.

एका दुपारी चारच्या सुमारास विनोदिनीबाई धापा टाकत आल्या. त्यांची सून सुमंगला घरी कळा देत होती आणि मूल अडले होते. मठ जवळ म्हणून त्या इकडेच धावल्या.

"माद्र, चल लवकर. सुनेचा जीव जाता."

आतून माझ्यापाशी बसणाऱ्या नन, मदर क्लारा, यांचा आवाज आला, "बाये, मला बाहेर येता येत नाही."

"पाय मोडलाय?"

"पाय बरा आहे. या भिंतीच्या आतच राहण्याची मी शपथ घेतली आहे."

"मग बाजारात भोपळ्यासाठी भांडते ती माद्र कोण?"

"ती सिस्टर. तिनेही शपथ घेतली आहे, पण लोकांत राहून सेवा करण्याची. मी नन. मी आत राहून तुमच्यासाठी प्रार्थना करते."

"प्रार्थना मागाहून कर. आता सुईण व्हयी."

पलीकडच्या दवाखान्यापर्यंत चालत अर्धा तास. मग मला आतून घाईची पावले ऐकू आली आणि घंटा वाजू लागली. प्रार्थनेची वेळ नसताना घंटेला हात लावायचा नाही, असा तिथला कडक नियम. मदरांनी उंबरठा ओलांडला नाही, हा नियम मात्र मोडला.

अवेळी घंटा म्हणजे मठात कोणी वारले, असे समजून सिस्टर लुर्दीना खाणीचा एक ट्रक थांबवून, पिशवीसह वर आल्या. धुळीने नखशिखांत लाल झाल्या होत्या.

"कोण गेले?" त्यांनी विचारले.

"कोण जाऊक ना," विनोदिनीबाई म्हणाल्या, "बाळ येवचा आसा. बस परत ट्रकात."

त्या संध्याकाळी सुमंगलेला मुलगी झाली. दोघी वाचल्या. मदर क्लारांना नियम मोडल्याबद्दल महिनाभर घंटेपासून दूर ठेवले, असे पुढे कळले.

मित्रांनो, मी ज्यावर फिरतो तो खालचा खुंटा आज झिजला आहे. आत तीनच वृद्ध नन उरल्या आहेत. मला तेल घालायचे कोणाच्या लक्षात राहत नाही. अजूनही कोणी ताप आलेले मूल घेऊन येतो, बंद भिंत पाहून "दगडाची माणसे" म्हणतो आणि निघून जातो. ते ऐकून मी अधिकच थकतो. हाकेला कोणी बाहेर आले नाही, तर आधी विचारा, "तुमचे काम काय, आणि मी कुठे जाऊ?" दार सगळ्यांचे सारखे नसते.

असे म्हणालो की मला ती बारशानंतरची सकाळ आठवते. विनोदिनीबाईंनी नातीला दुपट्यात गुंडाळून माझ्यात ठेवले आणि म्हणाल्या, "माद्र, तुका येता येत नाय. ही येता."

मदर क्लारांनी मला इतके हळू कधीच फिरवले नव्हते. मी आत वळलो, रिकामा झालो, आणि बराच वेळ मला कोणीच परत ढकलले नाही.