नदीखालचा फलक

आमचे हे आणि वन्सं हट्टाला पेटले की नदीनेसुद्धा वळसा घालून जावं. नदीखालून पायी जायचा एक जुना बोगदा आहे. त्याच्या या तोंडाशी आमचं घर, त्या तोंडाशी वन्संचं. तो खोदणाऱ्यांत माझे सासरे होते. मामंजी वारले ते वन्संकडे. निरोप उशिरा आला, आणि आम्ही पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून बहीणभावांत अबोला.

अभियंत्यांची एक संस्था जुन्या, नावाजलेल्या बांधकामांवर पितळी फलक लावते. खर्च प्रायोजकाचा. गौरव कामाचा, माणसांची नावं घालायची नाहीत, असा तिचा नियम. यांनी मला पत्ता लागू न देता बोगद्यासाठी अर्ज केला होता. चिटणिसांचा फोन नेमका मीच उचलला.

"बाई, याच बोगद्यासाठी पलीकडूनही एक प्रायोजक आलेत. फलक तर एकच लागणार."

पलीकडून कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"आपल्याच तोंडाशी लागेल," हे म्हणाले. वन्संना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "वहिनी, बारक्याला सांगा, आधी अर्ज माझा गेलाय." बारक्या म्हणजे आमचे हे, दारातून आडवे होऊन जातात. शेवटी मीच चिटणिसांना म्हटलं, दोघांकडून अर्धा अर्धा खर्च घ्या आणि बरोब्बर मध्यावर लावा. घरी मात्र संस्थेचा निर्णय म्हणून सांगितलं. खोटं बोलले, पण जीभ काही झडली नाही.

फलक लागला त्या सकाळी आम्ही खाली उतरलो. पांढऱ्या फरशांवर दिव्यांचा पिवळा उजेड ओघळत होता. डोक्यावर अख्खी नदी, आणि तिचा आवाज म्हणून नाही. चालता चालता आपण जागे आहोत की नाही, तेच कळेना. पलीकडून वन्संच्या चपला ऐकू येत होत्या. वन्सं दिसायला मात्र फार वेळ लागला.

हा बोगदा दोन्हीकडून खोदत आणला होता. मधे काम थांबवून इकडच्यांनी पहारीने तीन ठोके द्यायचे, आणि पलीकडून तसंच उत्तर येईपर्यंत कुणी हलायचं नाही. मामंजींनी ती सवय घरी आणली. मुलं निजली की ते भिंतीवर तीनदा ठोकत, आणि पलीकडच्या खोलीतून बहीणभाऊ उत्तर देत. हे सगळं यांनीच मला सांगितलेलं, लग्न नवीन असताना.

दोन बाजू जिथे मिळाल्या, तिथे जमीन बोटभर वरखाली आहे. वन्सं त्या सांध्याच्या पलीकडे थांबल्या, हे अलीकडे. फलकाकडे कुणी बघेना. मला तर दोघांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं.

"शेवटच्या दिवशी बाबा भिंत ठोकत होते," वन्सं एकदम म्हणाल्या. "नदीकडची. तीन ठोके, आणि कान देऊन थांबायचे. मी उत्तर दिलं, तर म्हणाले, तू नाही, पलीकडून येऊ दे."

यांनी मान वर करून वन्संकडे पाहिलं.

"मला राग आला रे. उशापायथ्याशी मी, आणि वाट तुझी. म्हणून निरोप लांबवला. संध्याकाळी पाठवू म्हटलं. संध्याकाळ झालीच नाही."

हे वळले. मला वाटलं, झालं, निघाले घरी. पण ते दोन पावलं जाऊन भिंतीशी थांबले. ओल्या फरशीवर कपाळ टेकलं, मूठ वळली आणि ठोकलं. एक. दोन. तिसरा ठोका जेमतेम लागला.

वन्संनी त्यांच्या बाजूने भिंतीला कान लावला होता. डोळे मिटून त्या कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या.

"पोचलं रे, बारक्या," त्या म्हणाल्या.